छत्तीस सारख्या गाड्या

तिसरीला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. त्या मूळच्या भाषेच्या शिक्षिका. यंदा ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ हा आठवड्यातून एकदा येणारा तास त्यांच्याकडे आला. वर्गात छत्तीस मुलं. सुरुवातीला त्यांनी पुठ्ठ्याची गाडी करून घेतली. साचा दिला, फळ्यावर पायऱ्या लिहिल्या, छत्तीस गाड्या हुबेहूब सारख्या झाल्या. मुख्याध्यापक खूश. पण एका मुलानं मागची चाकं मोठी कापली होती. त्याला ती पुन्हा कापायला लावली तेव्हा तो रडला, आणि ते बाईंच्या मनाला लागून राहिलं. पुढच्या वेळी त्यांनी साहित्य टेबलावर मांडलं आणि सांगितलं, ‘हवं ते बनवा.’ तास संपायच्या आत चिकटपट्टी संपली, चारदोन मुलांचं काहीतरी झालं, बाकीची ‘बाई, काय बनवू?’ करत मागे फिरत राहिली. आता दोन महिन्यांवर प्रदर्शन आहे. घरून मॉडेल आणा म्हटलं तर पालकच करून देतात. सहकारी म्हणतात, रोबोटचे तयार संच मागवा, खरं तंत्रज्ञान तेच. व्यवस्थापन सहा संच घ्यायला तयारही आहे. त्या विचारतात : साचा द्यावा की मोकळीक? संच घ्यावेत का? आणि जिला घरातला फ्यूज बदलता येत नाही तिनं हा विषय शिकवावा तरी का?

उत्तर :

मागची चाकं मोठी कापणाऱ्या त्या मुलाला तुम्ही विचारलंत का, ‘मोठी का कापलीस?’ पत्रात ते आलेलं नाही. त्यानं कुठे ट्रॅक्टर पाहिला असेल. गाडी पुढे झुकलेली, शर्यतीतल्या गाडीसारखी दिसावी असं त्याला वाटलं असेल. किंवा नुसती कात्री घसरली असेल आणि सगळ्यांदेखत ते कबूल करायचं नसेल. कात्री घसरली असेल तर गोष्ट वेगळी. पण बाकी दोहोंपैकी काही असेल, तर त्या तासाला वर्गातल्या मुलानं स्वतः घेतलेला तो एकमेव निर्णय होता, आणि नेमका तोच चूक ठरला.

हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. ते रडणं तुमच्या लक्षात राहिलं, म्हणजे कुठे बिनसलंय याचा अंदाज तुम्हाला आलेलाच आहे. तुम्ही साचा आणि मोकळीक अशी दोन टोकं धरून बसला आहात. मला दोन्ही तासांत एकच उणीव दिसते. पहिल्या तासाला सगळे निर्णय तुमचे होते. दुसऱ्या तासाला सगळे मुलांचे होते, पण निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा ते त्यांच्या हातात काहीच नव्हतं. ‘काय बनवू?’ विचारणारी मुलं आळशी नसतात. वस्तू कुणासाठी, तिनं काय करायला हवं, केवढ्या जागेत मावायला हवी, यातलं काहीच ठरलेलं नसेल तर मोठा माणूसही चिकटपट्टीचा रीळ हातात घेऊन तसाच बसेल.

या विषयाची जी रचना इंग्लंडमध्ये १९९० पासून शाळांत रुजली, तिच्यात एक जुनी आणि उपयोगी विभागणी आहे. आधी तयार वस्तू हाताळायच्या, उघडून पाहायच्या. मग एखादं कौशल्य सुटं, छोटं करून शिकायचं. आणि शेवटी ते वापरून कुणाच्या तरी गरजेची वस्तू आखायची आणि बनवायची. ही विभागणी मला आजही फार कामाची वाटते, कारण तुमचा गोंधळ तिच्यात लगेच सापडतो. तुमची साच्यातली गाडी हा मधल्या पायरीचा, कौशल्याचा धडा होता. तो तुम्ही शेवटच्या पायरीवर ठेवलात. आणि मोकळीक दिलीत तेव्हा पहिल्या दोन्ही पायऱ्या गाळून मुलांना थेट तिसरीवर उभं केलंत. साचा फेकून देऊ नका. त्याची जागा बदला.

गाडीचंच बघू. गाडीत शिकण्यासारखं काय आहे? रंग, खिडक्या, दिवे हे सगळं वरचं. मर्म चाकाच्या जोडात आहे. एक तर दांडी पक्की बसवून चाक तिच्यावर मोकळं फिरवायचं, नाहीतर चाकं दांडीला घट्ट बसवून दांडीच स्ट्रॉच्या नळीत मोकळी फिरवायची. मुलं हमखास दोन्ही चिकटवतात. दिसायला गाडी झकास, ढकलली की फरफटते. साचा दिल्यावर ही चूक होतच नाही, कारण तुम्ही आधीच टाळलेली असते. म्हणून गाडी बनवूच नका. एक दांडी, स्ट्रॉचा एक तुकडा आणि दोन चकत्या, एवढंच करून घ्या. चकतीचा मध्य सापडला नाही तर चाक हेलपाटत जातं. मध्य काढायची युक्ती मुलांना फार आवडते : तेवढाच गोल कागदावर कापायचा, दोनदा दुमडायचा, घड्या जिथे छेदतात तिथे टोचायचं, मग तो कागद पुठ्ठ्याच्या चकतीवर ठेवून खूण करायची. हा धडा सगळ्यांनी अगदी सारखा केला तरी काही बिघडत नाही. सराव आहे तो.

आता तिसरी पायरी. प्रदर्शनासाठी मी तुम्हाला एकच काम सुचवते : पहिलीच्या मुलांसाठी पुस्तक उघडं धरून ठेवणारं स्टँड. काम मुद्दाम साधं निवडलं आहे. गिऱ्हाईक शाळेतच आहे, आणि वस्तू जमली की नाही हे सांगायला बाईंची गरज नाही. पुस्तक पडलं तर पडलं.

पहिल्या तासाला काहीही बनवायचं नाही. तुमची मुलं पहिलीच्या वर्गात जाऊन दहा मिनिटं बघत बसतील. पुस्तक कसं धरतात, पान कुठल्या हातानं उलटतात, पुस्तक केव्हा मिटतं. दोन प्रश्न विचारतील. पुस्तकाची उंची आणि जाडी मोजून आणतील. परत आल्यावर फळ्यावर तुम्ही फक्त मुलांच्याच शब्दांत अटी लिहा : घसरू नये, पान उलटता यावं, छोट्या हातांना उघडता-मिटता यावं, दप्तरात मावावं. अटी चारपाचच ठेवा. या अटी म्हणजेच तुमचा नवा साचा. फरक एवढाच की त्यात आकार दिलेला नाही.

दुसऱ्या तासाला आधीच अस्तित्वात असलेल्या वस्तू आणा. फोटोची फ्रेम उभी राहते ती मागच्या पायामुळे, टेबलावरचं कॅलेंडर तंबूसारखं उभं राहतं, दोन बाजूंची शिडी मधल्या दोरीमुळे फाकत नाही. जुनी फ्रेम असेल तर स्क्रू काढून मागचा पाय सुटा करू द्या. वस्तू उघडून बघण्याचा तास वाया गेला असं वाटेल. वाटू द्या. तिसरीतल्या मुलांना तो लागतोच. टिम जर्मन आणि मार्गरेट डेफेटर या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खोका आधी वस्तू ठेवायला वापरलेला दाखवला, की तोच खोका पालथा घालून उंची गाठायला आधार म्हणून वापरता येईल हे सहासात वर्षांच्या मुलांना सुचायला वेळ लागत होता. पाच वर्षांच्या मुलांना मात्र लागत नव्हता. म्हणजे तुमच्या वर्गातली मुलं ‘डबा म्हणजे ठेवायचा’ अशा समजुतींत आधीच अडकू लागलेली आहेत. त्यांना ‘कल्पकतेनं विचार करा’ सांगून भागत नाही. हाताशी तुटलेल्या, उघडलेल्या, उलट्या ठेवलेल्या वस्तू लागतात. तेवढ्यासाठी साहित्यही डब्यांतून काढून टेबलावर ओतून ठेवा. रिकामे डबे हेही साहित्यच समजा.

मग एक तास सरावाचा, आणि इथे पुठ्ठा नीट शिकवायचा. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत नागमोडी कागदाच्या बारीक नळ्या असतात. कडेनं डोळा लावून बघितलं की आरपार दिसतात. नळ्या उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा भार घेतो, आडव्या ठेवल्या तर पाय गुडघ्यात मोडल्यासारखा वाकतो. पण नळ्यांच्या दिशेनं घडी सहज पडते, आणि नळ्यांना आडवी घडी घालायला गेलं की पुठ्ठा वेडावाकडा चुरगळतो. म्हणजे स्टँडला ज्या दिशेनं बळकटी हवी, नेमकी त्याच दिशेनं ठेवलेल्या पुठ्ठ्यात बिजागरीची घडी नीट पडत नाही. यातून वाट काढायची तर पट्टी धरून, संपलेल्या बॉलपेननं रेघ जोरात दाबायची. पुठ्ठ्याचा वरचा कागद फाटत नाही, आतला थर दबतो, आणि घडी सरळ बसते. हे सगळ्यांना दाखवा, सगळ्यांकडून करवून घ्या. इथे ‘मूल आपलं आपण शोधेल’ म्हणून थांबू नका. काही गोष्टी शोधण्याच्या असतात, काही दाखवण्याच्या. आठवड्यातून एकच तास मिळतो त्या शिक्षिकेनं कात्री कशी धरायची हे शोधायला लावणं मला निव्वळ वेळेची उधळपट्टी वाटते.

कात्रीचा विषय निघालाच आहे तर, वर्गात डावखुरी मुलं किती आहेत ते बघा. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पात्याआड रेघ लपते, आणि बोटांचा जोर पाती एकमेकींपासून दूर ढकलतो. कापलं न जाता पुठ्ठा पात्यांत दुमडतो. ज्या मुलाला आपण ‘हाताचं काम जमत नाही’ म्हणतो, त्याच्या हातात अनेकदा चुकीची कात्री असते.

जोड्या करा. छत्तीस मुलं म्हणजे अठरा जोड्या. सहासहाचे गट केलेत तर दोघं काम करतात आणि चौघं त्यांना बघतात, आणि ती दोघं कोण हे तुम्हाला आत्ताच नावानिशी सांगता येईल. प्रत्येक जोडीला हातभर चिकटपट्टी, एवढीच. मागच्या वेळी ती संपली याचं कारण मुलं उधळी आहेत हे नव्हे. ज्याला जोड कसा करायचा माहीत नाही त्याच्यासाठी चिकटपट्टी हे सगळ्यावरचं औषध असतं. ती मोजून मिळाली की खाच कापून बसवणं, दोरा बांधणं, कागदाचा कान दुमडून चिकटवणं सुचायला लागतं. चकचकीत कागद आणि रंग शेवटचा तास येईपर्यंत कपाटात कुलूपबंद ठेवा. त्यांचा डबा उघडला की चौकशी, मोजमाप, चाचणी सगळं संपतं, उरते ती फक्त सजावट. याबाबतीत मी थोडी कडवी आहे, पण डबा एकदा उघडून बघाल तर तुम्हीही व्हाल.

बनवण्याआधी चित्र काढून घ्यावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण बहुतेक शाळा वही उघडून ‘आधी डिझाइन काढा’ सांगतात, म्हणून लिहिते. या वयाची मुलं स्टँड काढतात, त्यावर पुस्तक, शेजारी फूल, वर सूर्य. मग वही मिटतात आणि भलतंच काहीतरी बनवतात. ती फसवत नसतात. त्यांच्या दृष्टीनं चित्र हे चित्र असतं, बनवायच्या वस्तूचा आराखडा असतो हे अजून त्यांच्या गावीही नसतं. त्यापेक्षा साध्या कागदाची घडी घालून तळहाताएवढा नमुना करू द्या. दोन मिनिटांत होतो, आवडला नाही तर चुरगळून टाकता येतो. वही मागाहून उघडा. पहिला नमुना पेन्सिलीनं काढायचा, आणि नंतर जे बदललं तेवढंच लाल रंगानं. अशा एका पानावरून तुम्हाला मूल्यमापनाला लागतं ते सगळं मिळेल, आणि सूर्य काढायला जागाही उरणार नाही.

पुठ्ठा कापायला सुरुवात झाल्यावर लवकरात लवकर खरं पुस्तक ठेवून बघायला लावा. अर्धवट स्टँडवरच. बहुतेकांचं पुस्तक पुढे घसरेल, कारण खालची ओठासारखी पट्टी कुणी केलेलीच नसेल. ज्यांनी केली असेल त्यांचा मागचा पाय फाकत जाईल. तेव्हा तुम्ही शिडीकडे बोट दाखवायचं आणि गप्प बसायचं. इथे तुमची खरी परीक्षा आहे. मूल पाच मिनिटं दोऱ्याशी झटतंय, तास संपायला आलाय, आणि तुम्ही हात लावला की अर्ध्या मिनिटात होणार आहे. हात लावू नका. दाखवायचंच असेल तर तुमच्या स्वतःच्या वेगळ्या तुकड्यावर दाखवा आणि तो तुकडा घेऊन पुढे जा. स्वीडनमधल्या नेस इथे १८७० च्या दशकापासून हस्तकामाच्या शिक्षकांना घडवणारे ओट्टो सालोमोन यांचा हाच दंडक होता : शिक्षकानं मुलाच्या कामाला हात लावायचा नाही. त्यांच्या पद्धतीत सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या, घरात उपयोगी पडणाऱ्या लाकडी वस्तूंची मालिका होती, आणि ती सगळ्यांनी तशीच्या तशी करायची असे. म्हणजे वस्तू कशी असावी हे ठरवणं तिथेही मुलाकडे नव्हतंच. तेवढा भाग मी त्यांच्याकडून घेणार नाही. पण हात मागे बांधून उभं राहण्याचा त्यांचा नियम दीडशे वर्षांनीही पाळायला तितकाच जड आहे.

‘छान!’ हा शब्दही जरा जपून वापरा. तो ऐकला की मूल काम थांबवतं, कारण बाई खूश झाल्या. ‘जाड पुस्तक ठेवलं तर काय होईल?’ किंवा ‘पहिलीतल्या मुलीला हे उघडता येईल का?’ असं विचारलंत तर ते पुन्हा पुठ्ठ्याकडे वळतं.

संचांचं आता थोडक्यात. रोबोटचे संच वाईट नसतात. रोबोटला आज्ञा देणं, ती का चुकली हे शोधणं यातही डिझाइन आहेच, आणि दोनतीन इयत्ता पुढच्या मुलांना त्यातून पुष्कळ मिळू शकतं. पण घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा : पुस्तिकेत दिलेली वस्तू जोडून झाली, आता पुस्तिकेत नसलेलं काय काय करता येतं? उत्तर अडखळत आलं तर तुम्ही साच्यातल्या गाडीचीच महागडी आवृत्ती विकत घेत आहात. आणि सहा संच, छत्तीस मुलं हे गणित मी वर मांडलंच आहे. तंत्रज्ञान म्हणजे बॅटरीवर चालणारं काहीतरी, हा सहकाऱ्यांचा समज तुम्ही न तपासता उचललेला दिसतो. बिजागरी, तरफ, खाच, गाठ, उतार हे सगळं तंत्रज्ञानच आहे. इंग्लंडच्या २०१४ पासूनच्या अभ्यासक्रमात या विषयाचे भाग आहेत ते आखणं, बनवणं, पारखणं आणि तांत्रिक ज्ञान, शिवाय स्वयंपाक आणि आहार. त्यात वीज आहे, संगणक आहे, पण लहान मुलांच्या यादीत तरफा, सरकपट्ट्या, चाकं आणि दांड्या आधी येतात.

व्यवस्थापन खर्चाला तयार आहे ही संधी मात्र सोडू नका. संचांऐवजी यादी द्या : चांगल्या धारेच्या लहान कात्र्या, त्यांत डावखुऱ्यांच्या काही, स्टीलच्या पट्ट्या, भोक पाडायचे पंच, लाकूड अडकवून धरायची फळी आणि छोटी करवत, टॉर्चचे छोटे बल्ब, वायर, दीड व्होल्टचे सेल आणि ते बसवायची खोकी. पुढच्या सत्रात दिव्याचं काम घ्यायचं असेल तर सुरुवात टॉर्चच्या, आत तार असलेल्या बल्बनं करा, त्याला उलटसुलट नसतं. एलईडीला असतं, त्याचा लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडे जायला हवा. शिवाय लाल एलईडीला दोनच व्होल्टच्या आसपास लागतात, त्यामुळे दोन सेल जोडले की मध्ये छोटा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह कमी करणारा भाग, घालावा लागतो, नाहीतर तो लवकर जळतो. दोन गोष्टी मात्र वर्गात येऊच देऊ नका. एक, भिंतीतल्या सॉकेटशी जोडलेलं काहीही. दुसरी, बटणासारखे चपटे सेल. ते गिळले गेले तर दोन तासांतच अन्ननलिका आतून गंभीर भाजू शकते, आणि घरी नेलेल्या वस्तूतून ते धाकट्या भावंडापर्यंत पोहोचतात. ग्लू गन घेतलीत तर कमी तापमानाचीही चटका देते. ती तुमच्याच हातात राहू द्या, मुलानं जागा दाखवायची, तुम्ही थेंब टाकायचा. हात न लावण्याच्या नियमाला एवढा अपवाद चालेल.

फ्यूज बदलता न येणाऱ्या बाईबद्दल. तुम्ही वर्षानुवर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतले असतील. पहिला खर्डा कच्चा असतो, तो वाचणाऱ्याच्या नजरेनं पुन्हा वाचायचा असतो, नको ते काढायचं असतं, हे तुम्ही रोज शिकवता. स्टँडचा पहिला नमुना हा तसाच खर्डा आहे. या विषयात मुलांना जे सर्वांत जड जातं, म्हणजे स्वतः केलेलं पुन्हा मोडून बघणं, ते करून घ्यायची सवय तुमच्याइतकी वर्गात फ्यूज बदलता येणाऱ्यालाही नसेल. तांत्रिक बाजूसाठी एकच पथ्य सांगते. जे काम द्यायचं ते आदल्या संध्याकाळी स्वतः करून बघा, वर्गातल्याच कात्रीनं आणि हातभरच चिकटपट्टीत. कुठे अडतं ते तिथेच कळेल. केलेलं स्टँड मात्र वर्गात नेऊ नका, नाहीतर त्याच्या अठरा नकला तयार होतील. न्यायचंच झालं तर दोन न्या, अगदी वेगळ्या प्रकारची, आणि त्यातलं एक न टिकणारं असू द्या.

वेळेचं म्हणाल तर दोन महिन्यांत सातआठ तास हाताशी येतात. बघण्याचा एक, उघडण्याचा एक, सरावाचा एक, बनवण्याचे तीन, आणि एक पहिलीच्या मुलांनी वापरून बघण्याचा. तो शेवटचा गाळू नका. वापरून बघून झाल्यावर पहिलीतल्या मुलांनी सांगितलेला एक तरी बदल करायला वेळ राहिला पाहिजे. गोंद वाळायला वेळ लागतो, त्यामुळे चिकटवायचं काम तासाच्या शेवटी ठेवा आणि कपड्याचे चिमटे लावून वस्तू खोक्याच्या झाकणात ठेवून द्या. एका जोडीला एक झाकण, मागच्या बाजूला नावं. हे केलं नाहीत तर पुढच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं ‘माझा तुकडा कुठंय’ यातच जातील.

पालकांना आधीच दोन ओळींची चिठ्ठी पाठवा : खोकी, झाकणं, दोरे पाठवा, तयार वस्तू पाठवू नका, काम शाळेतच होईल. बरेच पालक मनातून सुटकेचा निःश्वास टाकतील. रात्री अकराला मूल झोपलेलं आणि आपण थर्माकोल कापत बसलोय, यात कुणाला हौस नसते. शेजारचा पालक करून देतो म्हणून तेही करतात.

मुख्याध्यापकांशी बोलताना छत्तीस सारख्या गाड्यांची निंदा करू नका. त्या त्यांना आवडल्या होत्या. त्यांना प्रदर्शनात काय दिसायला हवं आहे ते आधी विचारा. बहुधा नीटनेटकेपणा आणि पाहुण्यांवर छाप, एवढंच असेल, आणि ते दोन्ही देता येतं. टेबलावर प्रत्येक जोडीच्या तीन वस्तू ओळीत मांडा : पहिला कागदी नमुना, मोडलेला किंवा वाकलेला एक तुकडा, आणि पूर्ण झालेलं स्टँड, त्यावर खरं पुस्तक. खाली मुलांच्या अक्षरात दोन ओळी, काय घसरलं आणि काय बदललं. टेबलाला स्वच्छ कापड, चिठ्ठ्या सरळ रेषेत. पाहुणे एकाच वस्तूपुढे जास्त वेळ रेंगाळतात हे मुख्याध्यापकांना लगेच दिसेल. मुलांना पाठ केलेलं भाषण देऊ नका. पाहुण्यांसाठी टेबलाच्या कडेला एक पाटी लावा : ‘हे असंच का केलं, ते बनवणाऱ्यांना विचारा.’

आणि टेबलाच्या एका टोकाला कात्री, पट्टी, दोरा आणि थोडा पुठ्ठा ठेवून द्या. दिवसभर हाताळून एखाद्या स्टँडचा पाय वाकणारच. तेव्हा ते मागे लपवू नका, तुम्हीही दुरुस्त करू नका. ज्या जोडीचं असेल तिला बोलावून तिथेच, पाहुण्यांसमोर काम करू द्या.